बीकन घेण्याआधी : तुमची हाक ऐकणार कोण?

पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘माझे स्कुबाचे अ‍ॅडव्हान्स्डपर्यंतचे शिक्षण झाले आहे, साठेक डाइव्ह झाल्या आहेत. मेहुण्याबरोबर देवगडला २४ फुटी फायबरची बोट घेतली आहे, एकच आउटबोर्ड इंजिन आहे. सुटीला गरी टाकायला आणि डायव्हिंगला जातो. सिडनीचा चुलतभाऊ त्याचा जुना पीएलबी देतो म्हणतोय. तो घ्यावा, की ईपीआयआरबी, की एआयएसवाला बीकन? एकच घ्यायचा तर कुठला? पुढच्या हंगामात आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या प्रवाळ-पठारावरही जायचा विचार आहे.’

बीकन म्हणजे संकटात हाक पाठवणारे छोटे रेडिओ-यंत्र. पीएलबी माणसाच्या अंगावरचा, ईपीआयआरबी बोटीचा, आणि एआयएसवाला आसपासच्या बोटींना तुमची जागा दाखवणारा. चुलतभावाच्या पीएलबीचे काय करायचे ते शेवटी सांगतो. आधी एक प्रसंग ऐका, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

मार्च महिना होता, उधाणाची ओहोटी. निवतीच्या खडकांजवळ चौघे पाण्यात उतरले, वर आले तिघे. चौथा गटापासून सुटून एकटाच वर आला होता, पण कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. दुपारचा खारा वारा सुटलेला, पाण्यावर पांढऱ्या लाटा. अशा पाण्यात माणसाचे डोके म्हणजे तरंगता नारळ. पाचशे मीटरवर असला तरी दिसत नाही. मी ओहोटीची ओढ धरून बोट सावकाश खाली सोडली आणि दोन खलाशांना टपावर चढवले. पंचवीस मिनिटांनी वरून ओरडा आला, ‘थंय बग, कायतरी नारिंगी दिसता!’ तो त्याचा सॉसेज होता, सहा फुटी फुगा. गडी आमच्यापासून दीड किलोमीटर वाहून गेला होता.

बोटीत आल्यावर त्याने बीसीडीच्या, म्हणजे डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटच्या, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरा पीएलबी काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, बटण दाबले पण दिवाच लागला नाही. मी तो कानाशी धरून हलवला. आत पाणी खुळखुळत होते. डबीवर लिहिले होते, पंधरा मीटरपर्यंत जलरोधक. हा चोवीस मीटरवर जाऊन आला होता.

डायव्हरांची ही नेहमीची चूक. पीएलबी बनतो तो होडीवाल्यांसाठी, डोंगर चढणाऱ्यांसाठी. माणूस पाण्यात पडला, फार तर दोन-चार मीटर बुडून वर आला, एवढाच हिशेब त्यात असतो. बाजारातले बहुतेक पीएलबी पाच, दहा, फार तर पंधरा मीटरचे असतात. तुम्ही तीस मीटरपर्यंत जाता, तिथे पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. प्लास्टिकची पिशवी तिथे शोभेपुरतीच. पीएलबी खाली न्यायचाच असेल तर तो डायव्हिंगसाठी बनवलेल्या दाब सोसणाऱ्या डबीत घालून न्यावा लागतो.

आता समजा त्याचा पीएलबी चालला असता, तर काय झाले असते? हे नीट समजून घ्या. पीएलबी आणि ईपीआयआरबी दोघेही ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतात. कोस्पास-सारसॅट ही त्यामागची आंतरराष्ट्रीय यंत्रणा. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी ती उभी केली आणि १९८२ पासून ती माणसे वाचवते आहे. आपल्याकडे हा संदेश बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात उतरतो, तिथून तटरक्षक दलाच्या मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जातो. तिथला अधिकारी आधी नोंदीतल्या नंबरवर फोन लावतो, बोट खरेच समुद्रात आहे का विचारतो, मग जवळ कोण आहे ते पाहून जहाज किंवा हेलिकॉप्टर काढतो. जीपीएस असलेल्या बीकनची जागा शंभरएक मीटरपर्यंत नेमकी कळते आणि उपग्रहापर्यंत हाक काही मिनिटांत पोचते. यंत्रणा चोख आहे. पण निवतीला आम्ही दीड किलोमीटरवर इंजिन चालू ठेवून उभे होतो आणि हाक आमच्या डोक्यावरून बेंगळुरूला गेली असती. ती ऐकणारे कुठलेच यंत्र माझ्या बोटीवर तेव्हा नव्हते.

म्हणून बीकन निवडताना मी एकच गोष्ट विचारतो : माझी हाक सगळ्यात आधी कुणी ऐकायला हवी? डायव्हरला सोडवणारा पहिला माणूस म्हणजे त्याच्याच बोटीचा तांडेल. बोटच उलटली तर मात्र तांडेलही पाण्यात, तेव्हा लांबचा ऐकणारा हवा. या दोन वेगळ्या हाका आहेत आणि एकच यंत्र दोन्हींना पुरत नाही. दुकानदार पुरते म्हणेल. त्याला म्हणू दे.

जवळच्या हाकेसाठी एआयएसवाला बीकन. एआयएस म्हणजे जहाजे आपली जागा एकमेकांना कळवतात ती व्हीएचएफवरची, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवरची, यंत्रणा. माणसाच्या अंगावरचा एआयएस बीकन चालू झाला की आसपासच्या प्रत्येक एआयएस पडद्यावर तुमची खूण उमटते, ९७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकासकट, आणि तुम्ही वाहाल तशी ती सरकत राहते. काहींत डीएससीची, म्हणजे रेडिओवर आपोआप संकटाचा इशारा धाडायचीही सोय असते, मग बोटीचा रेडिओ भोंग्यासारखा ओरडू लागतो. डायव्हरांसाठी मुद्दाम बनवलेला असा एक प्रकार मिळतो, नॉटिलस लाइफलाइन. झाकण बंद असताना तो १३० मीटरपर्यंत सोसतो. पाण्याच्या पातळीवरून त्याची हाक लहान बोटीच्या अँटेनापर्यंत चार-पाच सागरी मैल जाते, लाटा मोठ्या असतील तर कमी. अँटेना जितकी उंच तितके बरे, म्हणून बोटीची अँटेना टपाच्या काठीवर लावा, रेलिंगला नको.

पण बोटीवर एआयएस ऐकणारा रेडिओच नसेल तर हा बीकन म्हणजे बहिऱ्याच्या दारात वाजवलेली थाळी. लांबच्या मालवाहू जहाजाला ऐकू जाईल, तुमच्या मेहुण्याला नाही. तेव्हा एआयएस बीकन नंतर, आधी बोटीवर डीएससी आणि एआयएस रिसीव्हर असलेला बसवायचा व्हीएचएफ सेट घ्या. परवाना रीतसर काढा, त्यात तुम्हाला ४१९ ने सुरू होणारा नौकेचा क्रमांक मिळतो, तो सेटमध्ये भरून घ्या. मेहुण्याला, किंवा जो वर बोट धरून बसणार आहे त्याला, पडद्यावरची खूण कशी दिसते आणि बोट तिच्यावर कशी न्यायची हे शिकवा. आमच्या बोटीवर आम्ही हे हंगामाच्या सुरुवातीला एकदा कोरडे करून पाहतो : पुस्तकात दिलेल्या चाचणीच्या पद्धतीने बीकन लावायचा आणि खलाशाला विचारायचे, ‘कुठे आहे रे?’ पहिल्या वर्षी त्याने पडद्याकडे न बघता समुद्राकडे बोट दाखवले होते.

झाकणाबद्दल थोडे. ही डायव्हिंगची बीकने ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातल्या रबरी कड्यावर जगतात. वाळूचा एक कण रिंगखाली राहिला की आत पाणी शिरलेच म्हणून समजा. दर डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुचकळायचे, रिंग काढून बोटाने चाचपायची, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. ग्रीस जास्त झाले तर वाळू त्यालाच चिकटते. आणि घरी बसून डोळे मिटून, हातमोजे घालून, एका हाताने झाकण उघडता येते का पाहा. दुसऱ्या हाताने तुम्ही श्वास घ्यायचा रेग्युलेटर नाहीतर फुगा धरलेला असणार. यंत्र बीसीडीच्या खिशात सुटे ठेवू नका, दोरीने जॅकेटच्या कडीला, डी-रिंगला बांधा. पाण्यात हातातून सुटलेली वस्तू तुमच्यासाठी थांबत नाही.

सॉसेज, शिट्टी, आरसा आणि टॉर्च यांशिवाय कुठलाही बीकन घेतलात तर मला पटणार नाही. निवतीच्या त्या गड्याला प्लास्टिकच्या फुग्याने वाचवले, उपग्रहाने नाही. आरसा नसेल तर जुनी सीडी चालते, मधल्या भोकातून नेम धरता येतो आणि आता तिचा दुसरा उपयोगही उरलेला नाही. शिवाय बोटीवर डोकी मोजणे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९८ साली एक जोडपे डाइव्ह बोटीने मागे सोडले आणि ते राहिले हे दोन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. दोघे कधीच सापडले नाहीत. आम्ही पाटीवर खडूने नावे लिहितो, ज्याने-त्याने वर आल्यावर आपले नाव स्वतः पुसायचे. दुसऱ्याने पुसलेले चालत नाही.

आता लांबची हाक, म्हणजे बोटीची. पुस्तकात तुम्ही वाचाल की ईपीआयआरबी सगळ्यात उत्तम. तो तरंगतो, अँटेना आपोआप सरळ वर ठेवतो, निदान ४८ तास बोलत राहतो, पीएलबी मात्र निदान २४. पीएलबीला पाण्यात तुम्हीच अँटेना वर करून धरावे लागते, आणि तेही हाताने जीपीएसचा भाग न झाकता. सगळे खरे. पण त्यातला जो महागडा, आपोआप सुटणारा प्रकार आहे तो तुमच्या बोटीला नको. त्याचा हायड्रोस्टॅटिक खटका दीड ते चार मीटर पाण्याखाली गेल्यावर सुटतो. मोठा ट्रॉलर बुडतो तेव्हा ते ठीक. २४ फुटी फायबरची होडी फोम भरलेली असते. ती बुडत नाही, पाणी भरून पालथी पडते आणि तशीच तरंगते. ईपीआयआरबी तळाखाली अडकून बसतो, खटक्याला लागणारी खोली येतच नाही आणि त्याच्या डोक्यावर अख्खी होडी आडवी. म्हणून ईपीआयआरबी घेतलात तर हाताने काढायचा साधा प्रकार घ्या आणि तो सुकाणूजवळ हाताला येईल तिथे, सुटणाऱ्या पिशवीत ठेवा. पुढच्या खणात, नांगराच्या दोरांखाली ठेवलेला ईपीआयआरबी मी स्वतः पाहिला आहे. तिथून तो काढायला पालथ्या होडीखाली बुडी मारावी लागेल.

हाताने काढायच्या प्रकाराची एक खोडी सांगतो, ती मी स्वतः भोगली आहे. त्याच्या स्टँडमध्ये लोहचुंबक असतो. स्टँडमधून बाहेर असताना तो ओला झाला की बटण न दाबताही चालू होतो. एकदा गणपतीनंतर हंगामाची तयारी चालू होती. पोराने ईपीआयआरबी स्टँडमधून काढून फळीवर ठेवला आणि पाइप लावून बोट धुतली. मी घरी जेवत होतो. फोन आला, तुमची नौका संकटात आहे का? मी म्हटले, नौका जेटीवर आहे आणि मी भातावर आहे. पलीकडचा अधिकारी हसला नाही. बरोबरच आहे त्याचे. लागलीच फोन लागला म्हणून पुढचे टळले, नाहीतर एखादे जहाज आमच्या धुण्यापायी निघाले असते. चुकून चालू झाला तर गुपचूप बंद करून बसू नका, १५५४ वर तटरक्षक दलाला लगेच कळवा. जुना बीकन भंगारात देऊ नका. बॅटरी काढा, नोंद रद्द करा, मग द्या.

नोंदणीशिवाय बीकन अर्धा मुका. प्रत्येक बीकनला पंधरा अक्षरांचा एक संकेत असतो, त्यापुढे बोटीचे नाव, रंग, मालक आणि फोन लिहिलेले असतात. भारतीय संकेताच्या बीकनची नोंद बेंगळुरूच्या केंद्राकडे करायची. फोन मात्र विचार करून द्या. आमच्या ओळखीच्या एका डायव्हरने दोन्ही नंबर स्वतःचे आणि बडीचे, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदाराचे, दिले होते, दोघांचे फोन त्याच बोटीत. नंबर किनाऱ्यावरच्या माणसाचा हवा, जो सांगू शकेल की ‘हो, सकाळी सहाला देवगडहून निघालेत, चौघे आहेत, बोट निळी-पांढरी आहे.’

कुणी जुना बीकन स्वस्तात देऊ केला तर आधी पाहा तो ४०६चा आहे का. निव्वळ १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलणारे जुने बीकन उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकतच नाहीत. आजच्या बीकनमध्ये ती लहर अजून असते, पण शेवटच्या टप्प्यात हेलिकॉप्टरला नेमके तुमच्यावर यायला मदत म्हणून. नव्या काही पीएलबींत युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमार्फत ‘हाक पोचली’ असा दिवा लागायची सोय आहे. पाण्यात एकटे तरंगताना तो दिवा मोठा धीर देत असेल, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

मच्छीमार बांधवांना सरकारकडून मिळणारी यंत्रे वेगळी. इस्रोने तटरक्षक दलासोबत बनवलेला डॅट (होडीवरून उपग्रहामार्फत संकटाची हाक पाठवणारे यंत्र) २०१० पासून वापरात आहे. २०२४च्या जानेवारीत त्याची दुसरी पिढी आली, तीत हाक पोचल्याची पावती होडीवर परत येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघरला एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेची जागा कळवणारी यंत्रे, बसवायची योजना जाहीर झाली. तुमची होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मासेमारी नौका म्हणून नोंदलेली असेल तर परवाना अधिकाऱ्याला पहिल्यांदा याबद्दल विचारा, विकतचा बीकन नंतर. मौजेची बोट म्हणून नोंद असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

आणि इनरीचसारखी उपग्रह-संदेशाची यंत्रे? परदेशात उत्तम, संदेश लिहिता येतो, उत्तर येते. इथे आणू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह-संपर्काची यंत्रे बाळगणे गुन्हा आहे आणि २६/११ नंतर त्यावर फार बारीक नजर असते. २०२४च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर इनरीच सापडले म्हणून एका परदेशी पाहुणीला पोलिसांच्या हवाली केले गेले. फोन किंवा घड्याळातल्या उपग्रह सेवेवरही भिस्त ठेवू नका. किनाऱ्याजवळ साधा मोबाइल जलरोधक पाकिटात, तेवढे पुरे.

आंग्रिया बँकेचे स्पष्ट सांगतो. विजयदुर्गापासून ती शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे. एका इंजिनाच्या २४ फुटी होडीने तिकडे जाऊ नका, मग अंगावर चार बीकन असोत. बीकन हाक मारतो, अंतर कमी करत नाही. कमांडर अभिलाष टॉमींचे २०१८ सालचे आठवत असेल. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेवर ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झाली. ईपीआयआरबी चालू होता, जागा कळलेली होती, आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका वरून पाहिलीसुद्धा. तरी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ त्यांच्यापर्यंत पोचेतो २१ सप्टेंबरचा २४ सप्टेंबर उजाडला. आंग्रिया एवढी लांब नाही, पण तिथल्या ओढीत सुटलेला डायव्हर मोकळ्या समुद्रात जातो. जायचेच तर दोन इंजिनांची मोठी बोट, अनुभवी तांडेल, बोटीवर ईपीआयआरबी आणि प्रत्येक डायव्हरच्या अंगावर एआयएस बीकन. यातले एक नसेल तर वेंगुर्ल्याच्या खडकांवर समाधान माना, तिथेही मासे कमी नाहीत.

तर ‘एकच कुठला’ याचे उत्तर : तुमच्या आजच्या वापराला, किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, एकच घ्यायचा तर जीपीएसवाला नवा पीएलबी, भारतीय संकेताचा, आणि तो डायव्हरच्या नव्हे तर बोटीवर थांबणाऱ्या माणसाच्या लाइफ जॅकेटला बांधलेला. तुमच्या होडीला सगळ्यात जास्त धोका एकुलते एक इंजिन बंद पडण्याचा आणि पाणी भरण्याचा आहे, आणि होडी पालथी झाली तरी अंगावर बांधलेली वस्तू माणसाबरोबर राहते. ईपीआयआरबी नाही म्हणून पीएलबीला नाक मुरडणारे भेटतील. लहान होडीत मला अंगावरचा २४ तासांचा बीकन पिशवीतल्या ४८ तासांच्या बीकनपेक्षा जवळचा वाटतो. आपल्या कोमट पाण्यात माणूस लाइफ जॅकेटवर बराच वेळ टिकतो, तेवढ्यात २४ तास पुष्कळ. दुसऱ्या वर्षी व्हीएचएफ सेट आणि त्यानंतर डायव्हरांचे एआयएस बीकन.

राहिला सिडनीचा जुना पीएलबी. तो ऑस्ट्रेलियाच्या संकेतावर आहे, नोंद तिथल्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे, आणि ती दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. देवगडासमोर तो चालू केलात तर जागेवरून आपल्या तटरक्षक दलाला कळेल हे खरे, पण संकेतावरून ऑस्ट्रेलियालाही कळेल. मग मध्यरात्री सिडनीत तुमच्या वहिनीला फोन जाईल आणि देवगड कुठे, बोटीत कोण, हे तिला झोपेतून उठून सांगावे लागेल. संकेत बदलून घेता येतो, पण ते काम अधिकृत केंद्रातच होते, आणि जुन्या यंत्राची बॅटरीही बहुधा मुदतीला आलेली असते. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते, फोटो मागवून पाहा. दोन्ही खर्च धरले तर नवाच परवडतो. भावाला सांगा, मोडीत काढताना कचऱ्यात टाकू नकोस, तिथे जुने बीकन घेणारी बॅटरीची दुकाने आहेत. आणि तो येणारच असेल तर त्याच्याकडून दोन चांगल्या शिट्ट्या आणि एक सिग्नलचा आरसा मागवा.